अडीचला मोठा येणार

आमच्या नायगावला भूकंप झाला तेव्हा मी दात घासत होतो. इतिहासात नोंद व्हावी अशी ही अवस्था नव्हे, पण भूकंप काही विचारून येत नाही. २१ मार्च २०२४, गुरुवार, सकाळचे सहा वाजून आठ मिनिटं. आधी वाटलं, हैदराबादकडे जाणारा एखादा भरलेला ट्रक रस्त्यावरून गेला असावा. मग आरसा हलला. आरशातला मी हललो. साठी उलटलेल्या माणसाला आपलं आपण हलणं नवीन नसतं, म्हणून मी गप्प राहिलो. एवढ्यात आतून हिचा आवाज आला, "पलंग कामून हलवायलाव?"

पलंग आतल्या खोलीत, मी मोरीत, तोंडात फेस. पण लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी घरात काहीही हललं, पडलं, फुटलं की पहिला संशय माझ्यावर. ही झाली विनापुरावा समजुतीची पहिली पायरी. तिच्यावर मी लिहिणार नाही. मला याच घरात राहायचं आहे.

नायगाव म्हणजे कुठलं, हेही सांगून टाकतो. मुंबईच्या माणसाला नायगाव म्हटलं की दादरच्या बाजूचं आठवतं किंवा वसईच्या अलीकडचं स्टेशन. शिकलेल्या माणसाला सावित्रीबाईंचं साताऱ्याकडचं आठवतं. आमचं नायगाव चौथं. नांदेडहून देगलूरकडे निघालात की वाटेत लागतं. १९९९ साली तालुका झाला. त्याआधी आम्ही बिलोलीत होतो.

तर भूकंप. त्याचं मूळ हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ, जोर ४.५. दहाएक मिनिटांनी धाकटा भाऊ येऊन गेला, ३.६ चा. कुणाचं काही गेलं नाही. सगळी गल्ली रस्त्यावर आली आणि प्रत्येकानं आपण त्या क्षणी काय करत होतो ते प्रत्येकाला सांगितलं. माझ्या दात घासण्यात कुणाला रस नव्हता. शेजारच्या नानांची म्हैस मात्र पाच मिनिटं आधीपासून बेचैन होती म्हणे. (संध्याकाळपर्यंत ती पाच मिनिटं दोन तास झाली. दुसऱ्या दिवशी म्हशीनं आदल्या रात्रीपासून वैरण सोडली होती.)

खरा भूकंप सकाळी संपला. खोटा संध्याकाळी पाचला सुरू झाला.

"सर, ऐकलाव का?" नाना फाटकातूनच म्हणाले. "रात्री अडीचला मोठा येणार म्हणं."

"कोण म्हणतंय?"

"नासा."

अमेरिकेची ही संस्था १९६९ साली चंद्रावर माणसं उतरवून मोकळी झाली. तेव्हापासून बहुधा आमच्या गल्लीचं भविष्य पाहण्याचं काम तिच्याकडे आहे. नानांना हे नासाकडून थेट कळलं नव्हतं. हैदराबादेतल्या भाच्यानं कळवलं होतं, भाच्याला व्हॉट्सॲपनं. मी म्हटलं, "नाना, भूकंपाची वेळ जगात कुणालाच आधी सांगता येत नाही. जपानलाही नाही."

"तेच तर म्हणायलो! माहीत असून सांगत नाहीत." नाना जवळ सरकले. "आन् सर, समजा आलाच तर?"

या 'आलाच तर' पुढे भलेभले गार झाले आहेत. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. भूकंपाची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढीन. पण रात्री दहा वाजता ही म्हणाली, "तुम्ही झोपा आत तुमच्या भूगोलाला घेऊन. मी आपली बाहेर." बायको बाहेर आणि नवरा विज्ञानाच्या आधारावर आत, हे काही बरं दिसत नाही. मी गादी उचलली.

आणि खरं सांगू? रात्र झकास गेली. होळी तीन दिवसांवर होती, चांदणं पडलेलं होतं. दहा वर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन सख्खे भाऊ शेजारी-शेजारी सतरंज्या टाकून बसले होते. चहाचे तीन पातेले झाले. वारकरी काकांनी हरिपाठ लावला. दोन वाजून वीस मिनिटांनी पोरांनासुद्धा गप्प केलं. अडीच झाले. कुणीतरी खोकलं, त्यानं चारजण उठून उभे राहिले. दोन एकतीस. दोन पस्तीस. पावणेतीनला नानांनी म्हशीकडे पाहिलं. ती रवंथ करत होती.

आता तुम्हाला वाटेल, सकाळी नाना खजील झाले असतील. तसं होत नाही. सकाळी गल्लीत दोन पंथ झाले. एकाचं म्हणणं, अडीच बरोबरच होते, पण ते अमेरिकेचे. आपल्याकडे दुपारचे बारा. हा हिशेब नववीतल्या एका पोरानं वहीवर करून दाखवला आणि तो अगदी बरोबर होता. मीच शिकवलेला हिशेब! त्या दिवशी गल्लीत साऱ्यांची जेवणं बाराच्या आत उरकली. दुसरा पंथ म्हणाला, हरिपाठ झाला म्हणून टळला.

हसू नका. १९५४ साली अमेरिकेत, शिकागोजवळ, एका बाईंच्या भोवती अशीच मंडळी जमली होती. २१ डिसेंबरला महापूर येऊन जग बुडणार आणि आपल्याला न्यायला उडती तबकडी येणार, असा बाईंना परग्रहावरून निरोप होता. लिऑन फेस्टिंजर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आपली माणसं त्या गोटात घुसवून ठेवली होती. पूर आला नाही, तबकडीही आली नाही. पहाटे बाईंना नवा निरोप आला: तुम्ही रात्रभर जो प्रकाश पसरवलात त्यानं देवानं जग वाचवलं. आणि इतके दिवस वार्ताहरांना दारात उभं न करणारी ही मंडळी आपणहून वर्तमानपत्रांना फोन करू लागली. तिथं हरिपाठ नव्हता, एवढाच काय तो फरक.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग पुण्याहून जावईबापूंचा फोन आला. जावईबापू संगणकात आहेत. आमची रात्रीची हकिगत ऐकून ते पोटभर हसले आणि म्हणाले, "बाबा, राग मानू नका, पण तुमच्याकडची माणसं अजून अडाणीच हो!"

मी राग मानला. हा लेख त्या रागाचा आहे.

मागल्या दिवाळीत मी या जावईबापूंच्या सोसायटीत राहून आलोय. तिथं प्रत्येक जिन्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या बाटलीत रंगीत पाणी भरून ठेवलं होतं. कुठं निळं, कुठं लाल. कुत्री येऊन घाण करत नाहीत म्हणे. मी विचारलं, कोणत्या रंगाला कुत्रं भितं? जावईबापू म्हणाले, लाल जास्त गुणकारी. आता कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग बऱ्यापैकी दिसतो आणि लाल धडपणे दिसतच नाही, हे त्यांच्याच खिशातल्या फोननं त्यांना अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं. पण विचारतो कोण? कुत्रं आलं नाही तर बाटलीचा प्रताप. आलं तर रंग उडाला असेल, पाणी बदला. मी असेपर्यंत एक कुत्रं रोज त्या बाटलीलाच टेकून झोपायचं. शेवटी जावईबापू काय म्हणाले? "ठेवली तर काय बिघडतं?"

म्हणजे नानांचं 'आलाच तर' आणि यांचं 'काय बिघडतं' ही सख्खी भावंडं. एकाचा पगार महिन्याला येतो आणि दुसऱ्याचं सोयाबीन वर्षाला, एवढाच फरक. विचित्र समजुती या न शिकलेल्यांच्या घरी राहतात, ही शिकलेल्यांची लाडकी समजूत आहे आणि तिलाही काडीचा पुरावा नाही.

मग माणसं अशी का वागतात? यावर मला पटलेलं उत्तर बिहारमधून आलं आहे. १५ जानेवारी १९३४ ला तिथं महाभयंकर भूकंप झाला. त्यानंतर जमुना प्रसाद नावाच्या प्राध्यापकांनी तेव्हाच्या अफवा गोळा केल्या. गंमत अशी की त्या अशा भागातल्या होत्या जिथं धक्का दणकून बसला पण भिंत पडली नाही. आणि अफवा काय? तर अमुक दिवशी याहून मोठा येणार, पूर येणार, प्रलय होणार. आता जीव वाचलेल्या माणसानं धीर देणाऱ्या अफवा पसरवाव्यात की नाही? पण छे! पुढे याच फेस्टिंजरसाहेबांनी १९५७ च्या आपल्या पुस्तकात याचा उलगडा केला. अफवेनं ती माणसं घाबरली नव्हती. ती आधीच घाबरली होती, पण आजूबाजूला पाहावं तर सगळं जागच्या जागी. मग एवढं काळीज धडधडतंय ते कशाला? त्या धडधडीला शोभेल असं कारण हवं होतं. ते अफवेनं पुरवलं. उलट दार्जिलिंगला दरडी कोसळून खरोखर घरंदारं गेली, तिथल्या लोकांत असल्या अफवा आढळल्या नाहीत. त्यांच्या भीतीला कारण समोर पडलेलं होतं.

आणि कारण शोधण्याची ही भूक फक्त सामान्यांना असते असंही नाही. तो बिहारचा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ अस्पृश्यतेचे कट्टर विरोधक, पण निसर्गाच्या कोपाला असला नैतिक अर्थ लावणं त्यांना सहन झालं नाही. त्यांनी निषेध लिहिला, आणि गांधीजींनी तो आपल्याच 'हरिजन'मध्ये छापून उत्तर दिलं. आपल्या चुकीवरचं दुसऱ्याचं पत्र आपल्याच अंकात छापायचं, हेही आता कुठं उरलंय म्हणा.

तेव्हा नाना मूर्ख नव्हेत. सकाळी सहापासून त्यांच्या छातीत जे धडधडत होतं त्याला दुपारभर पत्ता नव्हता. संध्याकाळी नासानं पत्ता दिला: रात्री अडीच. पत्ता मिळाला की माणूस शांत होतो. म्हणून तर रात्र झकास गेली!

पण हाच पत्ता कधी माणसाचाही निघतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या फोनवरच्या अफवांनी धास्तावलेल्या जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. सोलापूरकडचे डवरी गोसावी होते ते, भिक्षुकी करत हिंडणारे. 'काय बिघडतं' म्हणणाऱ्यानं ते गाव एकदा डोळ्यांपुढं आणावं.

आता माझी पाळी. दुसऱ्याचंच काढत बसणं बरं नव्हे.

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी झाला, हे आमच्या भागातल्या माणसाला आपल्या लग्नाच्या तारखेसारखं पाठ आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यानंतर, तिथं लहान लहान धक्के बसत होते. हिची मावशी किल्लारीजवळच्याच एका गावात दिलेली. तिच्या घराची भिंत अडीच हात रुंद, दगड आणि माती, वर मातीचं माळवद. धक्के सुरू झाले तसे मावशी आणि काका पंधरा दिवस आमच्याकडे येऊन राहिले. मावशी म्हणायची, "सर, भिंत रातच्याला बोलायली हो." मी हसलो. मी तिला आणि काकांना समोर बसवून नकाशा दाखवला. दख्खनचं पठार म्हणजे काय, बेसाल्ट म्हणजे काय, हिमालय कसा हलतो आणि आपण कसे हलत नाही. सरकारी नकाशात तेव्हा तो भाग भूकंपाच्या सगळ्यात सुरक्षित, पहिल्या पट्ट्यात होता. आणि हे सगळं मी १९६७ चा कोयनेचा भूकंप वर्गात शिकवत असताना सांगत होतो! कोयना काय हिमालयात आहे? पण पाठ झालेल्या गोष्टीला प्रश्न विचारायचे नसतात. नाना नासा म्हणतात, मी पठार म्हणत होतो.

ते दोघं परत गेले. मावशीनं माझं ऐकलं नाही. तिनं आपली बाज अंगणात, लिंबाखाली काढली आणि पावसाचे दिवस सोडले तर वर्षभर तिथंच झोपली. गाव तिला हसायचं. काकांनी मात्र ऐकलं. सर शिकलेले आहेत, म्हणाले. गणपती बोळवून आले आणि आत झोपले.

मावशी वाचली. पुढे नऊ-दहा वर्षं जगली, दर दिवाळीला आमच्याकडे यायची, मला सरच म्हणायची. त्या नकाशाचा विषय तिनं कधी काढला नाही.

आठ-दहा हजार माणसं गेली त्या पहाटे. ज्यांनी जमिनीखाली पाहिलं ते चुकले, ज्यांनी आभाळात पाहिलं तेही चुकले. मावशीनं भिंतीकडे पाहिलं. नंतर नकाशा बदलला, तो पहिला पट्टाच काढून टाकला, लातूर तिसऱ्यात गेलं. मीही बदललेला नकाशा शिकवला. एका अक्षरानंही न अडखळता.

म्हणून माझा खरा राग अडीचवर नाही, जावईबापूंवरही नाही. माझा राग आहे तो या अफवांच्या स्वस्ताईवर. अडीचचा भूकंप तुमच्याकडून काही मागत नाही. एक रात्र जागा, तीन पातेले चहा प्या, सकाळी घरी जा. बाटली मागते फक्त थोडी नीळ. आणि खरी गोष्ट? तिची किंमत लगेच मोजावी लागते. मार्चच्या त्या धक्क्यानंतर प्रशासनानं आमच्याकडे एक साधं आवाहन केलं होतं: घराच्या पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. त्यात नासा नव्हती, वेळ नव्हती, प्रलय नव्हता. ते कुणी पुढं पाठवलं नाही.

मी दोन दिवसांनी गल्लीतून चक्कर मारली आणि वर पाहत चाललो. (वर पाहत चालणाऱ्या म्हाताऱ्याबद्दलही गल्लीत समजुती तयार होतात.) नानांच्या पत्र्यावर सतरा दगड मोजले. अडीचसाठी मुलाबाळांना रात्रभर बाहेर बसवणारे नाना दुसऱ्या रात्री त्या सतरांखाली घोरत होते. मी म्हटलं, "नाना, दगड उतरवा की."

"दगड काढले तर पत्रा उडतो की, सर. वैशाखाचं वारं बघितलंव ना?"

याला म्हणतात उत्तर! यात ना अंधश्रद्धा ना अडाणीपणा. दगड वाऱ्यासाठी आहे आणि वारं दरवर्षी येतं. दगड काढायचे तर पत्र्याला हूक मारायला हवेत, त्याला मिस्त्री हवा, मिस्त्रीला पैसे हवेत आणि सोयाबीनला भाव हवा. नासाच्या अडीचला यातलं काहीच लागत नाही. नाना कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवतील, तुम्हीच सांगा.

१० जुलैला सकाळी सव्वासातला पुन्हा हललं. पुन्हा रामेश्वर तांडा, पुन्हा साडेचार. या खेपेला मी चहा पीत होतो आणि हिनं न विचारता मान्य केलं की मी काही केलेलं नाही. संध्याकाळी फाटक वाजलं. "सर, ऐकलाव का?"

"ऐकलो," मी म्हटलं. "किती वाजता?"

"साडेतीन म्हणायलेत."

"साडेतीनला वेळ आहे अजून. तोवर शिडी आणा."

नाना शिडी घेऊन आले. पण ती मी त्यांच्या घराला लावली नाही. दोन दिवस आधी माझ्याच परसातल्या न्हाणीघराकडे माझी नजर गेली होती. त्याच्या पत्र्यावर चार दगड आहेत. मीच ठेवलेले, कधीचे ते आठवत नाही. छत्तीस वर्षं भूगोल, त्यात मावशीची हकिगत, आणि रोज सकाळी मी त्या चार दगडांखाली दात घासतो.

तीन उतरवले. नानांनी शिडी धरली. चौथा म्हणजे आईच्या जात्याची खालची तळी आहे, ती मला एकट्याला हलत नाही आणि नानांची कंबर धरलेली आहे. पाऊस उघडला की बघू, म्हणाले.